हेब्बाळचा उद्योग

म्हैसूर
२० ऑक्टोबर १९९४

कुसुमअक्का,

तुला आणि भावोजींना नमस्कार. दसरा पार पडला. यंदा मिरवणुकीतल्या एका बँडचे बावीस कोट माझ्याकडे होते. लाल कापड, पिवळी पट्टी, पितळी बटणं. वेंकोबाने मशीनवर आणि मी कटिंगच्या टेबलावर नऊ दिवस मान वर केली नाही. मिरवणूक निघाली तेव्हा मी दुकानातच होतो, कारण एक गृहस्थ ट्रायलला येतो म्हणाले होते. ते आलेच नाहीत. बँडचा आवाज तेवढा मार्केटकडून ऐकू आला. गौरा पाहून आली आणि म्हणाली, तुमचे कोट फार शोभले. मी म्हटलं, शोभले असतील.

भावोजींचं मासिक दर महिन्याला मिळतं. दोरे-बटणांचं दुकान सांभाळून समाजाचं मासिक चालवायचं म्हणजे कमाल आहे त्यांची. त्यांचं ते धंदेवाल्यांसाठीचं 'उमेद' सदर मी न चुकता वाचतो, हे त्यांना जरूर सांग. त्यात एकदा आलं होतं की दर तीन महिन्यांनी दुकानात काहीतरी नवं करावं, म्हणजे मालकाचं मन ताजं राहतं. मी केलं. पाटी रंगवून घेतली, मोठा आरसा बसवला. चार दिवस खरंच बरं वाटलं. पाचव्या दिवसापासून आरशात मीच दिसायला लागलो.

अक्का, आप्पांनी मला दुकानात बसवलं त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. हल्ली सकाळी नऊ वाजता कुलपात किल्ली घातली की मी थोडा वेळ तसाच उभा राहतो. गुडघे दुखतात म्हणून नव्हे. शटर वर केलं की आत काय आहे ते मला पाठ आहे. शर्ट शिवून घालणारे आता बहुतेक माझ्याहून म्हातारे. पोरं सगळी रेडीमेड घेतात. मापाच्या वहीतली कितीतरी माणसं आता जगात नाहीत, पण त्यांची छाती आणि बाही माझ्याकडे लिहिलेली आहे. बेजार येतो बघ.

आता खरी गोष्ट. इथे गावाबाहेर हेब्बाळला माझा उद्योग ठरलाय. शर्टांचा. माल परदेशी जातो. फत्तेसिंगराव म्हणून एक मॅनेजर आहेत, आपल्यासारखेच घरी मराठी बोलणारे, त्यांनी सगळं जुळवून आणलं. एक मार्चपासून सुरू. दुकानाचं काय करायचं ते तेव्हा बघू. वेंकोबाला अजून बोललो नाही. गौरा मात्र इतकी खूश आहे की काल तिने उगाचच पायसम केलं. बाहेर कुणालाच सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय.

तुझा
गुरू


पुणे
३१ ऑक्टोबर १९९४

चि. गुरू,

आशीर्वाद. तुझ्यापुढे हात टेकले रे बाबा. कारखाना काढतोयस आणि लिहितोस असं, की जणू नवी छत्री घेतली. तेही पत्राच्या शेवटी, पितळी बटणं आणि आरसा झाल्यावर. लहानपणापासून तुझं हे असंच. पहिला नंबर आलास तेव्हाही आधी चप्पल तुटल्याचं सांगितलं होतंस.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी घरी समाजाची चार मंडळी बसली होती. तुझे भावोजी म्हणाले, वाच मोठ्याने. वाचलं. हेब्बाळच्या उद्योगाशी आले आणि जो काही गलका झाला, विचारू नकोस. आपला आजा रंगारी, आप्पा शिंपी आणि तू कारखानदार. भावोजी तर उठून येरझाऱ्याच घालायला लागले. म्हणाले, बघा, पहिल्या पानभर हा माणूस कंटाळल्याचं लिहितो आणि शेवटी कळतं की कंटाळा आला म्हणून त्याने दुकानाचा कारखाना केला. याला म्हणतात उमेद.

आता पुढचं नीट ऐक. बावीस जानेवारीला, रविवारी, इथे समाजाचा मेळावा आहे. त्यात तुझा सत्कार ठरला आहे. शाल, श्रीफळ आणि चार शब्द तू बोलायचे. डिसेंबरच्या अंकात तुझा फोटो येतोय, लग्नातला कापून दिला आहे, कारण तुझा दुसरा एकही धड फोटो माझ्याकडे नाही. शिवाय भावोजींना तुझ्याकडून एक पान हवं आहे: छोट्या धंदेवाल्याने उत्साह कसा टिकवावा. तुझं मराठी ते दुरुस्त करून घेतील, काळजी करू नकोस.

एक माझं म्हणणं. कारखाना कितीही वाढू दे, दुकान बंद करू नकोस. हवं तर वेंकोबाला बसव, पण देवराज मोहल्ल्यातलं ते शटर रोज वर गेलं पाहिजे. आई गेली, आप्पा गेले, तू कुवेंपुनगरात भाड्याच्या घरात. मी आले तर माझं म्हणावं असं तेवढंच उरलं आहे.

दिवाळीचा फराळ पार्सलने पाठवते.

तुझी
अक्का


म्हैसूर
१४ नोव्हेंबर १९९४

अक्का,

मोठा घोटाळा झालाय. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग मला उमगलं. अगं, आपल्याकडे उद्योग म्हणजे नोकरी. विसरलीस काय? इथे शेजारच्या पोराला बँकेत उद्योग लागतो, कुणाचा उद्योग जातो, कुणी उद्योगातून निवृत्त होतो. मी कारखाना काढत नाही. मी कारखान्यात नोकरीला लागतोय. कटिंग विभागात मास्तर म्हणून. माझ्या हाताखाली सोळा माणसं असतील आणि माझ्या डोक्यावर फत्तेसिंगराव. बस, एवढंच आहे.

तुला लिहिताना लाज वाटते, पण एवढंच मला हवं आहे. साडेसातला कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर येते. मी एकदा मुद्दाम उभा राहून पाहिली. माणसं डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेली असतात, दोघेतिघे चक्क झोपलेले. ती पोचतात तेव्हा दार उघडलेलं असतं, दिवे लागलेले असतात, दुसऱ्या कुणीतरी झाडून घेतलेलं असतं. गिऱ्हाईक येईल की नाही ही काळजी त्यांच्यातल्या एकालाही नाही. रविवारी सुट्टी. अक्का, मला अठ्ठावीस वर्षांत रविवार कसा असतो ते माहीत नाही.

पन्नाशीच्या पुढच्या माणसाला ते घेत नाहीत. मला अठ्ठेचाळीस पुरी झाली. म्हणजे हे आत्ता झालं तर झालं, पुन्हा नाही. वेंकोबाशी परवा बोललो. त्याचा मुलगा त्याला केव्हापासून मंड्याला बोलावतोय, तो म्हणाला उन्हाळ्याआधी मी जातो, तुम्ही माझी चिंता करू नका. तेव्हा दुकान मी बंद करणार. तुला वाईट वाटेल, ठाऊक आहे.

भावोजींना हे सगळं सांग. सत्कार, फोटो, पान, सगळं रद्द करा म्हणावं. मी माफी मागतो. माझ्या मराठीमुळे झालं.

तुझा
गुरू


पुणे
२ डिसेंबर १९९४

चि. गुरू,

तुझं पत्र वाचलं आणि मी मटकन खालीच बसले. सव्वीस वर्षं पुण्यात काढली, घरचा शब्द घरी राहिला. चूक तुझी नाही, माझी आहे.

पण आता काय करू सांग. अंक छापून घरी आला आहे, गठ्ठे दिवाणखान्यात पडले आहेत. मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिका नाशिक, सोलापूर, हुबळीपर्यंत गेल्या. तुझ्या भावोजींना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांचा रक्तदाब तुला माहीत आहे. गेल्या वर्षी त्यांनी ज्याचा सत्कार केला त्याने पुढच्याच महिन्यात दिवाळं काढलं, त्यावरून लोकांनी त्यांना इतकं छळलं की ते मासिकच बंद करायला निघाले होते. यंदा त्यांना तुझा आधार वाटतो आहे.

मला एक सुचतं. तुझी नोकरी मार्चला, मेळावा जानेवारीला. तू ये, शाल घे, नारळ घे, चार वाक्यं बोल आणि परत जा. पुढे दोन-तीन महिन्यांनी मी सावकाश सगळ्यांना सांगेन की कारखान्याचं काही जमलं नाही. कारखाना न जमणारे पुष्कळ असतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. तोवर म्हैसुरातही कुणाकडे काही बोलू नकोस, मासिक तिथेही जातं. तुझं यात काय जातंय?

आणि रागावणार नसलास तर विचारते. खरंच सोडवेल का रे तुला दुकान? माणसाला मध्येच कंटाळा येतो आणि जातोही. चांगली तीन महिन्यांची मुदत आहे, नीट विचार कर.

तुझी
अक्का


म्हैसूर
३० जानेवारी १९९५

अक्का,

सुखरूप पोचलो. गौराला तू दिलेलं लुगडं आवडलं. शाल मी कपाटात ठेवली आहे.

तू पहिल्या रांगेत होतीस, सगळं पाहिलंस. तरी लिहितो, कारण स्टेशनवर भावोजी सोबत होते आणि मला बोलता आलं नाही. मी गाडीत बसताना ठरवून आलो होतो की तू सांगितलंस तसं गप्प राहायचं. पण मंचावर बसल्यावर, ते माझ्याबद्दल बोलायला लागल्यावर, माझ्याने राहवेना. मी ठरवलं की खरं सांगून मोकळं व्हायचं. उभा राहिलो, माइक धरला, आणि घरचाच शब्द तोंडात आला. मी म्हणालो, मला हेब्बाळला उद्योग मिळाला आहे. टाळ्या. मी म्हणालो, नाही, तसं नाही, दुकान चालवणं आता माझ्यासाठी फार कष्ट आहे. याहून मोठ्या टाळ्या. मला म्हणायचं होतं की ते मला जमत नाही, कठीण आहे. आपल्याकडे कष्ट म्हणजे तेच ना? भावोजींनी माइक घेतला आणि म्हणाले, तरुणांनो, ऐकलंत, कष्ट. मग ते माझ्या कष्टांवर दहा मिनिटं बोलले.

नोकरी हा शब्द काही मला माहीत नाही असं नव्हे. तो त्या वेळी आठवला नाही आणि आठवला तेव्हा लोक उठून उभे राहिले होते. खोटं कशाला लिहू, त्या टाळ्यांत मला थोडंसं बरंही वाटलं. अठ्ठावीस वर्षांत मी दुकानात बसलो म्हणून कुणी टाळी वाजवली नव्हती. तुझ्याकडे पाहिलं तर तू खाली बघत होतीस.

जेवणाच्या वेळी सांगलीच्या भवानीबाई म्हणून एक बाई भेटल्या. मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे, नवरा गेल्यापासून त्या एकट्या चालवतात. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "मला सकाळी दुकान उघडवत नाही हो. तुम्ही काय करता?" मी त्यांना खरं ते सांगितलं, की मी किल्ली हातात धरून उभा राहतो, मनात पन्नासपर्यंत मोजतो, मगच शटरला हात लावतो, आणि मलाही उघडवत नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, मोठी माणसं अशीच नम्र असतात. त्यांचं मन राखायला मी तसं बोललो असं त्यांना वाटलं. नमस्कार करून गेल्या बिचाऱ्या. दिवसभरात तेवढ्या एका माणसाने मला खरा प्रश्न विचारला आणि त्याचंही उत्तर मला पोचवता आलं नाही.

आता झालं ते झालं. एक महिना राहिला. बसचा पास काढायला फोटो लागतो म्हणून मी काल स्टुडिओत जाऊन काढून घेतला. बरा आला आहे. एक प्रत तुला पाठवतो, म्हणजे पुढच्या वेळी लग्नातला कापावा लागणार नाही.

तुझा
गुरू


म्हैसूर
२१ फेब्रुवारी १९९५

अक्का,

उद्योग गेला.

कारखान्याच्या हजेरी खात्यात अंबाजीराव आहेत, आपल्याच समाजाचे. त्यांच्याकडे फेब्रुवारीचा अंक आला, त्यात माझा शाल पांघरलेला फोटो. डिसेंबरच्या अंकातल्या लग्नाच्या फोटोवरून त्यांनी मला ओळखलं नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी मला मार्केटात भेटले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला, आता तुम्ही पण हेब्बाळचे मालक, म्हणाले. तू म्हैसुरात कुणाला काही बोलू नकोस असं लिहिलं होतंस. मी गप्प बसलो. त्यांनी अभिमानाने तो अंक फत्तेसिंगरावांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

सोमवारी मला बोलावणं आलं. मला वाटलं कागदांवर सह्या असतील. धुतलेला शर्ट घालून गेलो. फत्तेसिंगरावांनी बसायला सांगितलं, कॉफी मागवली आणि अंक उघडून समोर ठेवला.

"काय हे गुरुराव? इथे येऊन काम बघणार, माणसं ओळखून घेणार, मग पलीकडेच आपला कारखाना काढणार होय?"

मी सगळं सांगितलं. शब्दाचा घोटाळा, भावोजी, मेळावा. सांगता सांगता मलाच ते बनवून सांगितल्यासारखं वाटायला लागलं. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

"नोकरी करणाऱ्याला शाल कोण घालतो हो? आणि चूक होती तर पुण्याला जाऊन घेतली कशाला? आय्तु, बिडि. त्या जागेवर मी बेंगळूरचा माणूस घेतला."

झालं, सोडा, एवढंच ते म्हणाले. रागावलेही नाहीत. कॉफी मात्र पूर्ण पिऊन जा म्हणाले, म्हणून पिऊन निघालो.

दुकान उघडलं तेव्हा बारा वाजून गेले होते. वेंकोबा पायरीवर बसून होता. गौराला रात्री सांगितलं, ती ऐकून घेऊन उठली आणि तिने माझा दुसऱ्या दिवसाचा डबा घासून ठेवला. तिला वाटलं होतं आता रविवारी आम्ही कुठेतरी जाऊ.

तुला मी दोष देत नाही. तूही फसलीस, मीही फसलो. शब्दच तसा निघाला.

गुरू


पुणे
५ मार्च १९९५

चि. गुरू,

तू मला दोष देत नाहीस हे वाचलं. दहा दिवस झाले, मी लिहायला बसते आणि उठते. आज हे दुपारी दुकानात गेले आहेत. आत्ता नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

मी तो शब्द विसरले नव्हते.

तुझं पहिलं पत्र पोस्टमनने माझ्याच हातात दिलं होतं. मी ते ओट्यापाशी उभी राहून एकटीने वाचलं आणि वाचताक्षणी कळलं की गुरूला नोकरी लागली. आप्पांनी मला उद्योगवाला नवरा बघायचा म्हणून चार वर्षं घालवली होती, मी कशी विसरेन? तू दुकान बंद करणार हेही कळलं. तू लिहिलं नव्हतंस तरी कळलं. संध्याकाळी मंडळी बसली होती, भावोजी म्हणाले वाच, आणि मी त्या ओळीवर आले. तिथे थांबून मीच म्हणाले, बघा, माझा भाऊ कारखाना काढतोय. त्यांच्यातल्या कुणाला काही समजलंच नव्हतं. समज मी करून दिला.

तेव्हा मला वाटलं होतं, एकदा लोकांनी वाहवा केली की तुला हुरूप येईल. तू म्हणशील, चला, दुकानच वाढवू. नोकरीचं डोक्यातून जाईल. मग तुझं खुलाशाचं पत्र आलं. त्यात बसमध्ये झोपलेल्या माणसांचं लिहिलं होतंस. ते वाचून मी रडले आणि तरीही तुला गप्प बसायला लावलं. सत्काराच्या दिवशी तू मंचावरून खरं सांगत होतास ते त्या सबंध मांडवात एका माणसाला कळत होतं. म्हणून मी खाली बघत होते.

मला माहेर उरलं नाही रे. इथे सगळं आहे, मला काही कमी नाही, पण मी इथे सव्वीस वर्षं पाहुण्यासारखी बोलते. तुझं दुकान उघडं आहे तोवर मला म्हैसूर आहे असं मला वाटायचं. आत शिरलं की कोऱ्या कापडाचा वास येतो, तू वर बघून अक्का म्हणतोस, शेजारचे विचारतात केव्हा आलात. ते गेलं तर मी कुणाकडे येऊ? आप्पांनी तुला कॉलेज सोडायला लावून दुकानात बसवलं तेव्हाही मी तुझ्या बाजूने बोलले नव्हते. मी लग्न होऊन जाणार होते आणि मागे कुणीतरी तिथे असणार या विचाराने मला बरंच वाटलं होतं. तेव्हा मला कळत नव्हतं. या वेळी कळत होतं.

भावोजींना काल सगळं सांगितलं. ते माझ्याशी बोलत नाहीत. ते फत्तेसिंगरावांना स्वतः पत्र लिहिणार आहेत, पण आता त्याचा उपयोग नाही हे मलाही समजतं.

मे महिन्यात येते. समोर बसव आणि काय बोलायचं ते बोल. मी सगळं ऐकून घेईन.

कुसुम


म्हैसूर
२२ मार्च १९९५

अक्का,

तुझं पत्र दुकानात वाचलं. दोनदा. घरी नेलं नाही. गौराला अजूनही वाटतं की एका शब्दाने घात केला, तिला तसंच वाटू दे. ती तुला देवासारखं मानते.

भावोजींचं पत्र फत्तेसिंगरावांना मिळालं. त्यांनी अंबाजीरावांबरोबर निरोप पाठवला की गैरसमज दूर झाला, पण माणूस नेमला गेला आहे. भावोजींना सांग, मी त्यांचे आभार मानले. त्यांचं पानही वेगळ्या पाकिटातून पाठवलं आहे. उत्साह कसा टिकवावा ते मला माहीत नाही असं मी त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. पुढे लिहिलं आहे की सकाळी कुलूप काढायला उत्साह लागत नाही, किल्ली लागते, आणि गिऱ्हाईक आत आलं की त्याचं माप घ्यावंच लागतं, तेवढ्यावर दिवस जातो. सांगलीच्या भवानीबाईंना तो अंक आठवणीने पाठवा म्हणावं. बाकी कुणी वाचलं नाही तरी चालेल.

वेंकोबा गेल्या आठवड्यात मंड्याला गेला. त्याने मुलाला शब्द दिला होता, मी त्याला अडवलं नाही. बेचाळीस वर्षं होता तो इथे, आप्पांच्या वेळेपासून. आता शिलाई, काजं, इस्त्री, सगळं मीच करतो. शाळांच्या युनिफॉर्मचं काम आलं आहे, ते जूनपर्यंत पुरेल.

अक्का, मला तुझा राग आला आहे. तुझ्यावर मी आजवर कधी रागावलेलो नाही, म्हणून तो कसा लिहायचा ते समजत नाही. तुला माहेर पाहिजे होतं, यात वाईट काही नाही. पण तू तीन वर्षांतून एकदा येतेस, आठ दिवस राहतेस, कापडाचा वास घेतेस आणि जातेस. मधले सगळे दिवस तुझ्या त्या माहेरात मला काढायचे असतात. मला त्यातून बाहेर पडायचं होतं आणि ते मी जगात फक्त तुला सांगितलं होतं.

तुला हवं होतं तसं दुकान उघडं आहे. रोज नऊला उघडतो. पन्नासाव्या वर्षीही उघडेन, साठाव्याही उघडेन, आता दुसरं काही होण्यासारखं नाही.

मे महिन्यात येते म्हणालीस. येऊ नकोस.

गुरू